डावे मागचे चाक

भैयालालने इंजिन चालू केले आणि पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर एकच्या त्या ओळीतल्या साऱ्या क्वार्टरांची दारे एकामागून एक उघडली. लाल रंगाची, जमिनीलगत बसलेली, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स गाडी. असली गाडी त्या ओळीत कोणाच्या दारात कधी उभी राहिली नव्हती.

तुळसाबाई ओट्यावरून खाली उतरली नाही. तिने तिथूनच विचारले, "किती धावली आहे?"

"एकाहत्तर हजार मैल," पुंडलिकने वाकून मीटर वाचला. "त्याचं काही नाही, माय. लाइनीवरचं इंजिन लाखभर मैल धावते, तवा कुठं मोकळं होते. आपन रेल्वेवाल्याच्या घरचे, आपल्याले हे सांगा लागते का?"

"वाह, फोरमैन साहब! समझदार आदमी की यही बात है," भैयालाल म्हणाला. हा रायपूरचा जुन्या मोटारींचा दलाल. बोलताना त्याचा हात गाडीच्या नाकावरून असा फिरत होता, जणू लाडक्या घोड्यालाच थोपटत आहे. "घर की चीज़ समझो. पर आज ही फैसला कर लो. कल दुर्ग से एक पार्टी आ रही है."

पुंडलिकला फैसला करायचा उरलाच नव्हता. भट्टीवर फोरमन असलेला, रशियात सहा महिने काम शिकून आलेला तुळसाबाईचा हा मुलगा सकाळपासून त्या गाडीभोवती घिरट्या घालत होता. दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर, याच गाडीने जायचे असे त्याने खात्यातल्या दहाजणांना सांगूनही टाकले होते.

"हिरा, बस," तो बायकोला म्हणाला. "खारून नदीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ. जोरात पळवून पाहू, मंग बयाना देऊ."

हिराला सहावा महिना होता. ती एका हाताने दार धरून, जपून, डाव्या बाजूच्या खोल आसनात उतरली. शेजारणी हसल्या. तीही लाजून हसली.

तेव्हा तुळसाबाई ओट्यावरून उतरली. भैयालालच्या अवजारांच्या पिशवीतून तिने एक पाना उचलला आणि कोणाला काही न विचारता गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसली. तिचा नवरा धोंडबा दुर्ग स्टेशनावर अठ्ठावीस वर्षे गाड्यांची चाके ठोकून पाहत असे. धडधाकट चाक खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. डबा घेऊन गेलेली तुळसाबाई फलाटावर बसून ते ऐकत असे. धोंडबा गेला. तिचा कान शाबूत होता.

या गाडीच्या चाकांना लोखंडी तारांचे आरे होते. ती एकेका तारेवर पाना टेकवीत गेली. टण्. टण्. टण्. पहिले चाक झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर मात्र रुपेरी रंग नवा होता. तिथे सहावी तार वाजली नाही. सातवीही नाही. नववीपर्यंत सगळ्या नुसत्या थपथपल्या.

त्या चाकाच्या अगदी पुढेच हिराचे आसन होते.

"पुंडलिक, हे चाक खराब आहे."

भैयालाल मोठ्याने हसला. "माताजी, यह मालगाड़ी नहीं है. विलायती पहिया है, इसकी आवाज़ भी विलायती है."

आसपासची माणसेही हसली. पुंडलिकची कानशिले लाल झाली. "माय, घरात जा बरं. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

"आगगाडीचा नेम या गाडीले लागत नाही. तुले काय समजते मोटारीतलं?"

आजवर चारचौघांत तिने मुलाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आताही तिने आवाज चढवला नाही. ती उठली, पदर कमरेला खोचला आणि हिराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"उतर."

हिराने नवऱ्याकडे पाहिले.

"त्याच्याकडं नको पाहू. मी सांगून राहिली ना, उतर."

हिरा उतरली. तुळसाबाई त्या आसनात बसली. गुडघे पोटाशी आले, पाना मांडीवर आला. तिने दार स्वतःच ओढून घेतले.

"हं, चाल. खारूनच्या पुलापर्यंत."

"माय, हे काय लावलं?"

"अन् हळू नको नेऊ. माझ्यासाठी जपू नको. हिराले नेणार होता, तशीच ने."

पुंडलिक शेजारच्या आसनात बसला, इंजिन पुन्हा चालू केले आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले. गिअर टाकला. इंजिन गुरगुरले, गाडी थरथरली, मुरमावर जेमतेम हातभर पुढे सरकली. तुळसाबाई समोर रस्त्याकडे पाहत होती. तिने कशाचाही आधार धरला नव्हता.

गाडी थांबली. त्याने इंजिन बंद केले.

"अरे, क्या हुआ साहब? जाइए, जाइए!" भैयालाल पुढे आला.

पुंडलिकने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याने आईच्या मांडीवरचा पाना घेतला, खाली उतरला, गाडीला वळसा घालून मागे गेला आणि मुरमात गुडघे टेकले. आता ओळीत कोणी हसत नव्हते.

टण्. टण्. मग थप्. त्याने तीच तार पुन्हा ठोकली. थप्. नखाने नवा रंग खरवडला. रंगाची साल निघाली, आणि खालून केसाएवढी काळी रेघ तारेला वेढून गेलेली दिसली. त्याने बोटाने तार हलवली. ती हलली.

भैयालाल पिशवी आवरू लागला.

गाडी जागच्या जागी उभी होती, इंजिन बंद होते. तरीही पुंडलिकने उठून आईच्या बाजूचे दार दोन्ही हातांनी, अगदी सावकाश उघडले.

"उतर, माय," तो म्हणाला. "हळूच उतर."