ठिपका नसलेला चौक

रस्ते सुरक्षा विभागातल्या अभियंत्याने सकाळी आईला संगणकावरचा अपघातांचा नकाशा मोठ्या ऐटीत दाखवला. "एक लाल ठिपका म्हणजे एक अपघात. आपल्या कोपऱ्यावरच्या चौकात बघ, एकही नाही." त्याच भरवशावर दुपारी त्याने त्या चौकातल्या सिग्नलची मागणी फेटाळून टाकली.

संध्याकाळी आईला यायला उशीर झाला, तसा त्याने फोन लावला. पलीकडे गाड्यांचा नुसता गोंगाट.

"कुठे आहेस गं?"

"कोपऱ्यावरच्या चौकात. एरवी इथून रस्ता ओलांडायची कुणाची छाती होत नाही रे, सगळेच पुलावरून वळसा घालतात. पण तू सकाळी म्हणालास ना, इथे अपघातच होत नाहीत. म्हटलं, आज इथूनच यावं. बरं, ठेवते. ओलांडते आता."