खेमसिंगचा बिबट्या

तांड्यावरच्या खेमसिंगनं कुऱ्हाडीच्या एका घावात बिबट्या मारला, ही गोष्ट चार वर्षांत महागावभर दंतकथा झाली होती. १९६२ साली बाजाराच्या दिवशी त्याचा जाहीर सत्कार झाला. गळ्यात हार पडला आणि त्याला राहवेना. भरल्या डोळ्यांनी तो म्हणाला, "मी त भेवानं झाडावर चढलतो. बिबट्या माह्या बायकोनं, लालीबाईनं मारला."

मग अध्यक्ष पुंडलिकराव उठले. "एवढा पराक्रम केला, अन् नाव बायकोचं सांगून राह्यला! काय मोठं मन हाय!"

टाळ्या थांबेनात.

बायकांत बसलेल्या लालीबाईला शेजारची तानाबाई हळूच म्हणाली,

"नशीब काढलं व माय तुनं, असा नवरा भेटला!"