चारशे सतरा नंबरच्या बाया

अर्धापूरच्या केळीच्या शेडवर हंगामापुरत्या नऊ बाया होत्या. कंत्राटदाराच्या बिलाशी मेळ बसावा म्हणून शेडची कारकून दीपमाला त्यांच्या अंगठ्याच्या हजेरीपुढं रोज पर्चेस ऑर्डरचा नंबर लिहायची, चारशे सतरा. दुपारी त्या तिला हात धरून आपल्यात जेवायला बसवायच्या.

शनिवारी हंगामाचं काम संपलं, बाया घरी गेल्या. तिनं नांदेडच्या हापिसात फैजानला फोन केला.

"फैजानभाई, दोन दिस तरी नंबर चालू ठेवा ना."

"माल न्हाई, बाया न्हाई, मग नंबर कशाला, ताई?"

एकटीला डबा खाववत नाही, हे तिला सांगता आलं नाही.

सोमवारी दुपारी ती डबा पुढ्यात घेऊन नुसतीच बसली होती. फैजानचा फोन आला.

"ताई, बंद केलेल्या चारशे सतरावर नऊ अंगठे लागले. कोण हाय तिथं?"

"मी एकटीच हाय की."

तेवढ्यात धुण्याच्या खोलीतून हौदात केळीच्या फण्या बुडवल्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या. हौद तर तिनंच शनिवारी रिकामा केला होता.

फोन कानाशी धरूनच ती दारापाशी गेली. कुलूप तसंच होतं. अंगठ्याचं मशीन आत होतं. बाया आत जाताना काढायच्या तशा चपला दाराबाहेर रांगेत होत्या.

"ताई," फैजानचा आवाज बारीक झाला, "आता दहा झाले."

रांगेतली शेवटची निळी जोडी तिची होती. तळपायांना ओली फरशी गार लागली.