एकशे चाळीस मीटरवर

बंदुकीवर बसवायची तिसरी दुर्बीणही त्या माणसाने काउंटरवर परत ठेवली आणि चौथी मागितली. याला आता दाराची वाट दाखवावी असं नुमाताला वाटलं. पण दिवसभरातलं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं, आणि रागवायलाही अंगात जोर लागतो.

नुमाताचं वय एकाहत्तर. हिदाकाच्या डोंगराखाली शिकारीचं सामान विकणारं हे एकच दुकान उरलं होतं, आणि उरलेले बहुतेक शिकारीही त्याच्याच वयाचे होते. शिकारी मंडळाचं अध्यक्षपद अकरा वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात पडलं, ते कोणी काढून घेईना. कोणाच्या शेतात हरणं शिरली की फोन याला. मंडळातला कोणी अडचणीत आला की जाणकार म्हणून कागद द्यायचा यानेच. हल्ली वकील मजकूर लिहूनच पाठवत आणि नुमाता न वाचता खाली शिक्का उठवी. कागदांचा त्याला वीट आला होता. भिंगांचा नाही. भिंगाबद्दल आपण उभ्या जन्मात खोटं बोललो नाही, एवढा एक अभिमान त्याने या वयापर्यंत राखला होता.

गिऱ्हाईक साठीचं असावं. नखांत बीटाच्या शेतातली काळी माती होती. हरणांनी पीक फस्त केलं की उतारवयात परवाना काढणारे असे शेतकरी अधूनमधून येत. यांना घोडा कुठे आणि नळी कुठे इथपासून शिकवावं लागे. या माणसाने तर बंदूकही बरोबर आणली नव्हती. दुर्बिणीचं वजन किती, बंदुकीचा धक्का सोसेल का, काही विचारलं नाही. त्याचा एकच धोशा होता, की सूर्य मावळायच्या आधी, एकशे चाळीस मीटरवरचं स्वच्छ दिसलं पाहिजे.

इतकं मोजूनमापून का, असं नुमाताने विचारलं.

"आमच्या घरच्या बायका रानात अळंबी वेचायला जातात," तो म्हणाला. "माणूस असेल तर माणूस दिसायला हवा. बाकी मला काही नको."

नुमाता जरा निवला. नवी पोरं येत ती किती लांबचं जनावर पडेल हे विचारत. कोणाला मारायचं नाही, हे आधी ठरवणारा हा पहिलाच. याला चांगली वस्तू द्यायची, असं त्याने मनाशी ठरवलं.

नुमाताची बायको हिसाए चहा घेऊन आली. "यांच्या शब्दावर खुशाल घ्या," ती म्हणाली. "ताटातलं लोणचं दिसत नाही यांना, पण पलीकडच्या डोंगरावरच्या हरणाच्या पापण्या मोजून देतील." नुमाता ओशाळं हसला. पाहुणा हसला नाही, आणि त्याचा चहाही तसाच निवून गेला.

चौथी दुर्बीण काही भारीतली नव्हती. मंडळातल्या निम्म्या बंदुकांवर तीच होती. माणसाने खोक्यावरचं नाव दोनदा वाचलं. हीच, असं म्हणाला, आणि बाहेर उजेडात पाहू या, असा आग्रह धरला.

दुकानामागे कापणी झालेलं शेत होतं, त्यापलीकडे पिवळी पडलेली लार्चची झाडं. कुंपणापासून रानाची कड बरोबर एकशे चाळीस मीटर आहे, असं तो माणूस म्हणाला. चाळीस वर्षं इथे राहून नुमाताने ते कधी मोजलं नव्हतं. थंडी वाजत होती, गुडघे दुखत होते. सूर्य मावळला की कायद्याने बंदूक खाली ठेवावी लागते. त्याला अजून पंधरा मिनिटं होती. माणसाने घड्याळ पाहिलं आणि आणखी पाच मिनिटं थांबू या म्हणाला. नुमाता थांबला. कशाला नाही म्हणायचं?

पाच मिनिटं झाल्यावर माणसाने दुर्बीण त्याच्याच हातात दिली. "माझी नजर कच्ची. तुम्हीच बघा, आणि काय दिसतं ते सांगा."

नुमाताने दुर्बीण कुंपणाच्या खांबावर टेकवली. झाडांखाली काहीतरी तपकिरी हललं.

"बाई आहे कोणी. वाकून काहीतरी वेचतेय."

"नक्की बाई?"

"अहो, केस पांढरे आहेत. हातात टोपली आहे. हे बघा, आता उभी राहिली. इकडेच बघतेय."

"वाकली होती तेव्हा हरीण नाही वाटली?"

नुमाताला ते लागलं. त्याच्या मालावर कोणी असा संशय घेतला नव्हता. "या भिंगातून पाहून जो बाईला हरीण म्हणेल, तो आंधळा असेल नाहीतर लबाड. रडतेय ती. गाल ओले दिसताहेत, एवढं स्वच्छ आहे." आज पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. आपण अजून उपयोगाचे आहोत असं वाटलं.

माणसाने रानाच्या कडेकडे हात केला.

"ती माझी बायको," तो म्हणाला. "अंगातलं जॅकेट आमच्या मुलीचं आहे. हीच दुर्बीण, एवढंच अंतर, सूर्य मावळायला दहा मिनिटं, आणि अशा वेळी वाकलेली बाई हरणासारखीच दिसते, कोणाही शिकाऱ्याची चूक होईल, असं कोर्टाच्या कागदात लिहिलंय. तिला गोळी घालणारा सुटला त्यावर. खाली शिक्का तुमचा आहे, नुमाता-सान."