नवा आवाज

पडद्यावर अडतीस टक्के दिसत होते तेव्हा दाराची बेल वाजली.

"आली तुझी ताई," मेकॅनिक पलंगाकडे बघून म्हणाला. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्याला बारा वर्षं झाली होती, पण गल्लीत त्याला अजून मेकॅनिकच म्हणत. "घाबरू नकोस. बारापर्यंत तुझा आवाज तयार."

पलंगावरच्या बायकोचे फक्त डोळे हलत. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. बाकी सगळं ती समोरच्या कॉम्प्युटरमधून बोलायची. नजर ज्या अक्षरावर थांबेल ते उमटायचं आणि मग एक घोगरा आवाज वाक्य वाचून दाखवायचा. ताईला कमी ऐकू येई. घोगरं तर मुळीच नाही. म्हणून सकाळी सहाला त्याने स्वच्छ आवाजाचा नवा प्रोग्राम मूळ कोडपासून बांधायला घेतला. जुना असेपर्यंत नवा बसेना, तेव्हा त्याने जुना काढून टाकला. काढण्यापूर्वी तिला विचारायचं राहून गेलं.

ताईने पिशवी खुर्चीला टेकवली आणि बहिणीच्या कपाळावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. नऊ वर्षांनी येत होती. आईच्या शेवटच्या आजारातही आली नव्हती.

"चिमे, चारच्या गाडीने परत जायचंय मला. एकच विचारायला आले. जाताना आई माझ्याबद्दल काही बोलली का गं?"

डोळे एकदा मिटले.

"शिव्या घातल्या?"

दोनदा.

"मग माफ केलं म्हणाली?"

पुन्हा दोनदा.

"शिव्या नाहीत, माफी नाही. मग आणखी काय असतं?" ताईचा आवाज चिरकला. "काय म्हणाली ती?"

चिमीचे डोळे वर सरकले. तिथे कपाटाच्या वर भिंतीवर घड्याळ होतं.

"कळतंय मला," मेकॅनिक म्हणाला. "एक्केचाळीस झाले. जरा दम धर."

बाराला काम अडलं. प्रोग्रामला लागणारा एक सुटा भाग, एक पॅकेज, कमी होतं. ते बांधायला घेतलं तर त्याला आणखी एक हवं होतं, आणि त्या एकाला तिसरं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता.

"हे तयार मिळत नाही का, भाऊजी?"

"मिळतं की!" मेकॅनिक ताईच्या कानाशी ओरडला. "पण ते दुसऱ्याच्या मापानं शिवलेलं. हिच्या मापाचं हवं ना!"

"दुसऱ्याच्या मापाचं घातलं म्हणून माणूस उघडा तरी राहत नाही."

तो ओशाळून हसला आणि पडद्याकडे वळला. थोड्या वेळाने ताईने विचारलं, "हे यंत्र नव्हतं तेव्हा कशी बोलायची ही?"

"पुठ्ठ्यावर," तो पडद्याकडे बघतच पुटपुटला. "चौकोन पाडून अक्षरं लिहिली होती. मी बोट फिरवायचो, ही डोळे मिटायची. एका वाक्याला पंधरा मिनिटं. नको ते दिवस."

"काय म्हणालात?"

"काही नाही."

चिमीचे डोळे वर गेले, त्याच्यावर आले, पुन्हा वर गेले.

"अगं, तू बघून काटे थांबणार आहेत का?" तो वैतागला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. तो स्टुलावर चढला, कपाटाच्या माथ्याचा आधार घेऊन त्याने घड्याळ खिळ्यावरून काढलं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. "घे. आता तगमग नको."

अडीच वाजता त्र्याऐंशी टक्के झाले. ताई पलंगाच्या कडेला बसून होती. बहिणीच्या तळहातावर ती उगाच बोटाने रेघा ओढत होती.

"भाऊजी, ही तिकडे काय बघतेय?"

"सवय हो!" तो मान न वळवता ओरडला. "घड्याळ होतं तिथे!"

सव्वातीनला ताई उठली.

"थांबा हो, चारच टक्के राहिलेत!"

"गाडी माझ्यासाठी थांबायची नाही." ती वाकली आणि बहिणीला म्हणाली, "राहू दे, चिमे. चांगलं असतं तर तुझ्या डोळ्यांत दिसलं असतं."

डोळे दोनदा मिटले. आणखी दोनदा. आणखी दोनदा. पण ताई पिशवी उचलायला वळली होती. जिन्यावर तिची पावलं सावकाश उतरत गेली, मग ऐकू येईनाशी झाली.

पावणेचारला पंखा शांत झाला. मेकॅनिकने चाचणीचं वाक्य वाजवून पाहिलं. आवाज खरोखरच स्वच्छ होता, एकेक शब्द सुटा. त्याने पडदा चिमीसमोर सरकवला आणि वही-पेन घेतलं.

"बोल. आई काय म्हणाली ते सांग. मी लिहून घेतो, आजच ताईला पत्र टाकतो."

ती पडद्याकडे बघेना. बऱ्याच वेळाने तिची नजर खाली आली आणि अक्षरांवरून फिरली. चार-पाच ठिकाणी थांबली. मग तिने डोळे मिटून घेतले.

"पुठ्ठा," नवा आवाज म्हणाला.

"काय?" तो म्हणाला. "चिमे?"

डोळे उघडले नाहीत.

त्याने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग हळूहळू स्टुलावर चढला. कपाटाच्या माथ्यावर पुठ्ठा आडवा पडला होता. अक्षरांवर धूळ साचली होती, आणि त्या धुळीत त्याच्याच चार बोटांचे ताजे ठसे होते.