काठोकाठ भरलेली बरणी

गोऱ्या साहेबांसमोर मांडलेल्या काचेच्या बरणीत मासे पाण्यात बुडून मेले. प्राध्यापकांचे व्याख्यान तिथेच थांबले. ठाण्याच्या खाडीतल्या निवटी माशांवरचा निबंध ते स्वतःच्या नावाने वाचत होते. प्रयोग गुरुदत्त या विद्यार्थ्याचे होते. घरच्या पडवीत निवट्या पाळून त्याने ते वर्षभर केले होते. निबंध बळकावताना प्राध्यापकांनी एकच निष्कर्ष गाळला. “मासा म्हणे हवेवर जगतो! अरे, हे शास्त्र की बाजारगप्पा?” असे म्हणत त्यांनी वर्गाला त्याच्यावर हसवले होते. आज सकाळी “बरणी काठोकाठ भर, बूच घट्ट बसव,” हे फर्मानही त्यांचेच. “गाढवा, काय केलेस हे?” ते पुटपुटले. “आपण सांगितलेत तेच, रावसाहेब,” गुरुदत्त अदबीने म्हणाला. निवटीला श्वासासाठी वरची हवा लागते, नाहीतर ती बुडते. हे त्याने त्यांना एकदा सांगितले होते. पुन्हा सांगितले नाही.