क्रमांकापुढची चांदणी

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून नातीने निकालाचा कागद घड्याळाच्या दुकानातच उघडला. पाच विषय सुटले होते. सहाव्यापुढे चांदणीसारखी बारीक खूण होती.

"एक विषय बॅक राहिला," ती म्हणाली आणि डब्यातली सफरचंदाची फोड तोंडात टाकली.

आजोबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. हात कापू लागल्यापासून ते दुरुस्तीला बसत नसत. कामाच्या टेबलाशी आता त्यांची लेक, म्हणजे नातीची आई, बसे. नापास होऊन सफरचंद खाणारी मुलगी आपण पहिल्यांदाच पाहिली, असं आजोबा म्हणाले.

ही काही नापासाची खूण नव्हे, नातीने समजावलं. विद्यापीठातलं तिचं हे पहिलंच सत्र. हे शब्द तिलाही नवेच होते. तिने परीक्षेची नियमपुस्तिका काढली आणि एकेक वाचून दाखवू लागली. अंतर्गत गुण, श्रेयांक, गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन. पडताळणीत नुसती बेरीज पाहतात, पुनर्मूल्यांकनात अख्खा पेपर दुसऱ्याकडून तपासून घेतात. एवढं सगळं पाठ करायचं तर अभ्यास कधी करायचा, असं आजोबांनी विचारलं. आई मान वर न करता हसली. तिच्या चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग होती.

"आणि ही चांदणी?" आजोबांनी विचारलं.

तिचाही अर्थ पुस्तिकेत होता. विषय राहिला तरी विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसता येतं. तेवढा एक पेपर नंतर पुन्हा द्यायचा.

आजोबा जरा निराळ्याच आवाजात बोलू लागले. लेकीच्या पहिल्या वर्षाचा निकाल पाहायला ते दोघं मिळून कॉलेजात गेले होते. काचेच्या फळ्यात यादी लावलेली, अक्षरं मुंगीएवढी, समोर मुलांची रेटारेटी. त्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं, तशी मुलांनी हसत हसत वाट करून दिली. क्रमांक सापडला, आणि त्याच्यापुढे चांदणी. घड्याळ दुरुस्तीपलीकडे गेलं, की त्याच्या चिठ्ठीवर ते स्वतः अशीच चांदणी काढत. मग कॉलेजच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन आणखी विचारायचं तरी काय? परतताना लेक रडली नाही. पुढच्या वर्षासाठी आधीच घेऊन ठेवलेल्या कोऱ्या वह्या तिने त्याच आठवड्यात शेजारच्या मुलीला देऊन टाकल्या आणि ती दुकानात येऊन बसू लागली.

"पण हात काय बसला हिचा," आजोबा नातीला म्हणाले. "महिन्याभरात गजराचं घड्याळ सुटं करून पुन्हा जोडलं. बाहेर उभी असलेली माणसं काचेतून बघायची."

"तुम्हीच बोलावून आणायचात त्यांना," आई म्हणाली.

आजोबा हसले. हसता हसता थांबले आणि खुर्चीत पुढे सरकून त्यांनी नातीच्या हातातल्या पुस्तिकेकडे पाहिलं.

"हा नियम नवा असेल. नाही का गं?"

नातीने पान उलटलं. नियम कधीपासून लागू झाला, ते वर्ष तळाशी छापलेलं होतं. ते आईच्या जन्माच्याही आधीचं होतं. तिने वाचायला तोंड उघडलं.

"नवाच आहे, बाबा," आई म्हणाली. "आमच्या वेळी कुठले असले लाड."

तिने पुस्तिकेकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. चिमटा खाली ठेवून ती मुलीकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात आश्चर्य नव्हतं, फक्त विनवणी होती. हे तुला कधीपासून ठाऊक आहे, असं मुलीच्या ओठांवर आलं. तिने ते विचारलं नाही. पुस्तिका मिटून पिशवीत टाकली.

आजोबांनी पुन्हा पाठ टेकली. त्यांचा श्वास सावकाश सुटला.

"तरीच म्हटलं. असता, तर मी खिडकीवर विचारल्याशिवाय परत आलो असतो का?"

"नसता आलात, बाबा," आई म्हणाली.